चान मिस्त्रीची सागवानी नाव

हळदघाट,
१२ मे १९८५

काकाजींना विशाखाचा जय भीम.

नाव आली. बल्लारपूरहून ट्रकने ब्रह्मपुरीपर्यंत, पुढे दोन बैलगाड्या एकामागे एक बांधून नदीपर्यंत. सध्या पात्रात वाळूच जास्त, तरी मधल्या धारेत सोडल्यावर ती अशी तरंगली की काठावरच्या बाया एकदम ओरडल्या. अठरा हात लांब, अस्सल सागवान, मागे टप केला आहे. आजारी माणसाला कोरडं निजवता यावं म्हणून टप, असं मिस्त्री म्हणाले.

मिस्त्री म्हणजे बल्लारपूरच्या लाकडं कापायच्या आरामशिनीतले चिनी सुतार, चान मिस्त्री. तुम्ही त्यांना कधी पाहिलं आहे का, माहीत नाही. त्यांच्या बायकोला मात्र तुम्ही चांगलं ओळखत होतात. आपल्या गावच्या ढिवर मोहल्ल्यातल्या गिरजाबाई. बासष्टच्या लढाईत नवऱ्याला राजस्थानातल्या छावणीत नेऊन ठेवलं होतं, तेव्हा त्या माहेरी येऊन राहिल्या होत्या. मी चार-पाच वर्षांची असेन. त्या आपल्या ओसरीवर येऊन बसायच्या आणि तुम्ही त्यांना सुटकेचे अर्ज लिहून द्यायचे, पैसे न घेता. मी मंडळातल्या पोरींना हे सांगते तेव्हा मला फार बरं वाटतं.

गिरजाबाई मागच्या वर्षी गेल्या. तेरवीचं जेवण घालण्याऐवजी मिस्त्रींनी त्यांच्या माहेरच्या महिला मंडळाला ही नाव द्यायचं ठरवलं. आठवीपासूनची शाळा आणि दवाखाना दोन्ही नदीपलीकडे, आणि आमच्याकडे एका झाडाचा कोरलेला डोंगा. यंदा अकरा पोरी पलीकडे जाणार आहेत. पूर आला की आईबाप पोरींची नावं काढतात, हे तुम्हाला सांगायला नको. मीसुद्धा नऊ वर्षांची होईपर्यंत शाळा पाहिली नव्हती. माझी शाळा म्हणजे तुम्ही. चांदा सोडून तुम्ही ती पाच-सहा वर्षं गावी शेती करायला आलात म्हणून मला अक्षर आलं.

अक्षरावरून आठवलं. मंडळाची चिटणीस म्हणून आभाराचं पत्र मी लिहिलं, तुम्ही शिकवलं तसंच. आधी अख्खी ओळ एका हाताने ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची, दोरीवर लुगडी घालावीत तशी. मिस्त्रींना मराठी वाचता येत नाही. पण त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि किती तरी वेळ पाहत राहिले. म्हणाले, “लाइन त बिलकुल रंधा मारल्यासारखी हाये. असं अक्षर मी एकदाच पाह्यलं.”

“कुठी?” मी विचारलं.

“होता एक कागद. तुले कोनं शिकवलं?”

“माझ्या काकाजीनं. चांद्याले अर्जनवीस हायेत.”

“हो काय,” म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

आता माझी काळजी. मंडळाच्या वार्षिक विवरणात वस्तू देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि राष्ट्रीयत्व लिहायचं असतं. मी मिस्त्रींना विचारलं. त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. जन्म कलकत्ता, राष्ट्रीयत्व चिनी. मी म्हटलं, मिस्त्री, तुम्ही तर इथलेच. ते हसले. “मी इथलाच हाये बाई. कार्ड तिकडचं हाये.” मी कार्डावर होतं तसं लिहिलं आणि विवरण पाठवलं. तेव्हापासून उगीच धाकधूक होते. बरोबर केलं ना?

तुमची,
विशाखा


चंद्रपूर,
२० मे १९८५

चि. विशाखास वामनरावाचा जय भीम आणि आशीर्वाद.

अगं बाई, काय करून बसलीस! इतकी वर्षं कचेरीच्या दारात बसून मी एकच गोष्ट शिकलो. रकाना असते म्हणून तो भरलाच पाहिजे असं नाई. ‘देणगीदार: कै. गिरजाबाई यांच्या स्मरणार्थ माहेरची मंडळी’ एवढं लिहिलं असतं तर कोणाची मान वर झाली नसती.

यंदाच्या जानेवारीपासून कायदा कडक झाला आहे. परदेशी माणसाकडून रोकड असो की वस्तू, संस्थेला घ्यायची तर आधी दिल्लीत नोंदणी पाहिजे. तुमचं मंडळ आठ बायांचं, त्यात पाच अंगठा लावणाऱ्या. दिल्ली तुम्हाले कुठी सापडणार? लगेच दुसरं विवरण पाठव. ‘पूर्वीच्या विवरणात नजरचुकीने’ असं सुरू कर, पुढचं मी लिहून देतो.

आणखी एक. मिस्त्री तो कोणता कागद म्हणाले? जुन्या गोष्टी काढतात काय? सहज विचारतो. आणि ते आभाराचं पत्र परत मागून घेता आलं तर घे. मंडळाचं पत्र टाईप केलेलं बरं दिसते. मी इथून टाईप करून पाठवीन.

काकू आठवण काढते. मोहाची फुलं वाळवली असशील तर थोडी पाठव.

वामनराव


हळदघाट,
३ जुलै १९८५

काकाजी, जय भीम.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा फार राग आला, म्हणून उत्तर ठेवून दिलं. आज दुसऱ्या रागाने लिहिते आहे.

आधी पहिला. मेलेल्या बाईच्या नावामागे लपा, असं तुम्ही मला लिहिता? तुम्ही? पाटीवर बोट धरून तुम्हीच सांगायचे की ज्या कागदावर लिहिणाऱ्याचा शिक्का मारता येत नाही, तो कागद लिहूच नये. मी चूक केलीच असेल तर खरं लिहिण्याची केली. ‘नजरचुकीने’ मी काही केलेलं नाही. आभाराचं पत्रही परत मागणार नाही, टाईपचं पत्र चांगलं दिसतं म्हणून तर मुळीच नाही.

आता दुसरा राग. परवा नावेला सील लागलं. तालुक्याहून एक साहेब, तलाठी आणि एक शिपाई आले. काठावरच्या करंजीच्या झाडाला नाव साखळीने बांधली, कुलूप घातलं, कुलपावर चिंधी गुंडाळून लाख ओतली. पंचनाम्यात लिहिलं, ‘सागवानी नाव एक, टपासह, परकीय.’

ठमाबाई, आमची सुईण, पुढे झाली. “साहेब, हिच्या कोनच्या फळीवर चीन लिवलं हाये, दाखवा बरं.”

“बाई, कायदा समजत नसेल तर मधे बोलू नका.”

“मले कायदा नाई समजत, नदी समजते. तुमी येताना कशात बसून आले जी?”

सगळ्या बाया हसल्या, कारण साहेब आमच्याच डोंग्यातून आले होते. बूट हातात घेऊन, डोळे मिटून. साहेब लाल झाले. मी त्यांना सभ्यपणे विचारलं की मिस्त्री कलकत्त्यात जन्मले, झाड आपल्या जंगलातलं, नाव बल्लारपुरात झाली, मग यात परकं काय? ते म्हणाले, देणारा परका. मी म्हटलं, त्यांनी नागरिकत्वासाठी दोनदा अर्ज केला, उत्तरच आलं नाही. ते म्हणाले, उत्तर आलं नाही म्हणजे परकाच.

आणि मग जे बोलले ते मला अजून पचलेलं नाही. “तुमचं नोंदणीकृत मंडळ नसतं आणि म्हाताऱ्याने नाव सासुरवाडीला दिली असती, तर मी आलोच नसतो.” काकाजी, आम्ही मंडळ नोंदवलं कारण नियमाने चालायचं होतं. दर महिन्याला सभा घेतो, अंगठे घेतो, प्रत्येक चटईची नोंद ठेवतो. आम्ही नियमात आलो म्हणूनच नियम आमच्या गळ्यात पडला. जे कुठेच नोंद नाहीत त्यांना कोणी विचारत नाही. आता तिला सासुरवाडीची करता येत नाही का, असंही विचारलं. सील लागल्यावर तेही नाही.

मिस्त्री इथेच आहेत. गिरजाबाईच्या भावाकडे येऊन राहिले आहेत. रोज काठावर येतात, फळीवर हात फिरवतात आणि म्हणतात, “उन्हात राह्यली त सांधे उघडतीन. वरून गवत टाका.” आम्ही गवत टाकतो.

नदी वर चढते आहे. पोरी अजून डोंग्यातूनच जातात.

विशाखा


चंद्रपूर,
१५ जुलै १९८५

चि. विशाखास जय भीम.

तुझा राग वाचला. तू खरं बोलतेस आणि मी म्हातारा झालो, एवढंच म्हणतो.

सोबत अर्जाचा मसुदा आहे. स्वच्छ अक्षरात उतरून टपालाने पाठव. जागा सोडली आहे तिथे पोरी डोंग्यातून कशा जातात ते तुझ्या शब्दांत लिही. अर्जात एक तरी डोळ्यानं पाहिलेली गोष्ट असावी, ही आपल्या धंद्याची रीत. नाईतर साहेब पान उलटवतो. पाहिलेली गोष्ट असली की त्याचा हात थांबते.

पण टपालानेच पाठव. तू स्वतः चांद्याला येऊ नकोस. कचेरीत चौकशी चालू आहे असं कानावर आलं. मिस्त्रीची जुनी फाईल काढली म्हणतात. ती फाईल मागू नकोस, कोणी दाखवली तरी पाहू नकोस. जुन्या कागदात सगळं लिहिलेलं असते आणि खरं काहीच नसते.

एक उपाय सुचतो. मिस्त्रींना म्हणावं, हा अर्ज करा की नाव परत पाहिजे. ती त्यांनी घेऊन जावी. दुसरी नाव मी करवून देतो, माझ्या खर्चाने, माझ्या नावाने. मी भारतीय आहे, माझ्याकडे कार्डही नाही. यात कोणाचंच काही जात नाही.

वामनराव


हळदघाट,
२९ ऑगस्ट १९८५

काकाजी,

गावातल्या कोलूची बायको बुधरी, तिचे दिवस भरले होते. सोमवारी सकाळपासून अडली. ठमाबाईने दुपारी हात टेकले, म्हणाली दवाखाना पाहिजे. नदी दोन्ही काठ भरून. पाऊस असा की समोरचं झाड दिसेना. बुधरीला डोंग्यात बसवलं. निजवायला डोंग्यात जागाच नसते. कोलू आणि त्याचा भाऊ वल्ह्यांवर, ठमाबाई बुधरीला मागून धरून, मी डब्याने पाणी उपसत.

मूल नदीच्या मध्यावर झालं. मुलगी. रडली, मी ऐकलं. ठमाबाईने लुगड्याचा पदर काढून तिच्यावर धरला, पण पदरच ओला होता. बुधरीच्या अंगावर पाणी, माझ्या अंगावर पाणी, कोरडं असं डोंग्यात बोटभरसुद्धा काही नव्हतं. पलीकडे पोचलो तेव्हा ती गार झाली होती. बुधरी वाचली.

निघताना आम्ही नावेला वळसा घालून गेलो होतो. करंजीखाली, साखळीत, टपासह. बुधरीने तिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, “ताई, हे काऊन नाई?” मी डब्याने पाणी उपसू लागले. मी अर्जात काय लिहू? डोळ्यानं पाहिलेली गोष्ट पाहिजे ना तुम्हाला? ही घ्या.

तुमचा मसुदा मी पाठवला होता. पोच नाही. दुसरी नाव तुमच्या नावाने, हे वाचून तर मला तुमची लाज वाटली. एका माणसाने बायकोसाठी केलेलं काम त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि वर म्हणायचं, कोणाचं काही जात नाही.

मी चांद्याला जाते आहे. पाऊस उघडला की.

विशाखा


(पोस्टकार्ड)

चंद्रपूर,
४ सप्टेंबर १९८५

विशाखा, बुधरीचं वाचलं. दोन दिवस अन्न गेलं नाई. तू थांब. कचेरीत मीच जातो. येऊच नकोस. आलीस तर आधी घरी ये. आधी घरी ये, मग कचेरी. एवढं ऐक.

वामनराव


हळदघाट,
१४ सप्टेंबर १९८५

वामनराव काकाजी,

मी मंगळवारी चांद्याला येऊन गेले. तुमच्या घरी आले नाही. जटपुरा गेटपासून तुमच्या गल्लीपर्यंत गेले होते, काकू दारात तांदूळ निवडताना दिसल्या, आणि मी वळून बसस्टँडला आले.

जिल्हा कचेरीतल्या साहेबांनी मला तास-दीड तास उभं ठेवलं. मी बुधरीचं सांगितलं. ते म्हणाले, वाईट झालं, पण परवानगीसाठी दिल्लीला काय तोंडाने लिहू? तुमचा मिस्त्री काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. ते चिडले, फाईल काढली आणि माझ्यासमोर टाकली. “वाचा. जागरूक नागरिकाचा अर्ज आहे.”

मी फाईल मागितली नव्हती. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं मी. पण समोर आली ती पाहिली.

नोव्हेंबर १९६२. खाली सही नाही, ‘एक देशभक्त नागरिक’. वर लिहिलं आहे की आरामशिनीतला चिनी इसम नदीचे आणि घाटांचे नकाशे काढून बाहेर पाठवतो. आणि मग हे वाक्य: ‘सदर इसमास कागदावर नकाशा काढताना अर्जदाराने स्वतः डोळ्यांनी पाहिले आहे.’

वाक्य वाचायच्या आधीच मला कळलं होतं. कागद पिवळा पडला आहे, शाई तपकिरी झाली आहे. पण ओळ तशीच. समासापासून समासापर्यंत एका हाताने ओढलेली, कुठेही न तुटलेली, आणि तिला टांगलेली अक्षरं. क्षणभर वाटलं हे मीच लिहिलं आहे. माझ्या हातात दुसरं अक्षर नाहीच ना. तुम्ही दुसरं शिकवलंच नाही.

पुराव्याचा कागदही टाचणीने लावला आहे. त्यावर कोणी लाल शाईने लिहिलं आहे, ‘नदीचा नकाशा’. काकाजी, तो नकाशा नाही. ती नाव आहे. बाजूने काढलेली, फळ्या मोजून, मागे टप. करंजीखाली जी उभी आहे तीच. मिस्त्री एकदा म्हणाले होते, ही नाव त्यांनी बासष्टलाच गिरजाबाईंच्या वडिलांसाठी कागदावर काढली होती. तेवीस वर्षांनी केली.

आता मला सगळं उलटं आठवतं. चांदा सोडून गावी आलात ते शेतीसाठी नव्हे. गिरजाबाईंचे अर्ज फुकट लिहिलेत ते चांगुलपणाने नव्हे. शिक्का नसलेला कागद लिहू नये, हा नियम तुम्ही कधी केलात? बासष्टच्या आधी की नंतर?

मला उत्तर नको आहे. पण द्यावं लागेल. माझ्या पाटीवर तुमचं बोट होतं.

विशाखा


चंद्रपूर,
२७ सप्टेंबर १९८५

विशाखा,

तू विचारलंस ते आधी सांगतो. नंतर.

आरामशिनीचा मालक माझ्याकडे आला होता. मिस्त्रीचं आणि त्याचं मजुरीवरून वाजलं होतं. म्हणाला, एक अर्ज लिहून दे, लढाई चालू आहे, चार दिवस हवा खाऊन येईल. मी तेव्हा नवा होतो. कचेरीच्या वडाखाली बसू देत नव्हते, महाराचं पोरगं अर्जनवीस कसं, म्हणून माझी पेटी दोनदा फेकली होती. मालकाने सांगितलं, तुला बसायला जागा मी मिळवून देतो. दिलीही. ती जागा आजही माझीच आहे.

मालकाने फक्त एवढं सांगितलं की चिनी आहे, संशय आहे. नकाशाचं वाक्य माझं आहे. ते त्याने सांगितलं नव्हतं. अर्ज पोकळ वाटत होता म्हणून मी घातलं. मी त्याला पाहिलं होतं, दुपारच्या सुटीत ओंडक्यावर बसून काहीतरी काढताना. काय काढतो ते जवळ जाऊन पाहिलं नाई. चार पावलं होती.

चार दिवसांची चार वर्षं झाली. छप्पन साली १६ ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या वेळी, इथल्याच मैदानावर हात वर करून मी शपथ घेतली होती, खोटं बोलणार नाही. सहा वर्षं पाळली.

त्या जागेवर बसवेना म्हणून गावी आलो, तर गिरजाबाई आपल्याच ओसरीवर येऊन बसली. “भाऊ, माया मानसाचा अर्ज लिवून द्या.” मी सात अर्ज लिहिले. साती अर्जांवर शिक्का मारला. त्यात तिची गरिबी लिहिली, त्याचं चांगलं वागणं लिहिलं, तिचे डोळे अधू झाले तेही लिहिलं. एवढंच लिहिलं नाई की बासष्टचा तो अर्ज खोटा आहे आणि तो मी लिहिला आहे. ते एक वाक्य लिहिलं असतं तर बाकीचे सहा लागले नसते. तू तेव्हा बाजूला पाटी घेऊन बसायचीस आणि तुला वाटायचं, काकाजी किती चांगले.

सोबत प्रतिज्ञापत्र आहे. मुद्रांकावर, माझ्या हाताने लिहिलेलं. सगळं आहे त्यात. खाली सही, बाजूला शिक्का आणि नंबर. कचेरीत स्वतः द्यायला निघालो होतो, पायरीपर्यंत गेलो. तिथे सगळे मला ‘वामनरावजी, या’ म्हणतात. मी परत आलो. हेही तुला सांगतो, कारण आता लपवायला काही उरलं नाई. तू दे. नाई द्यावंसं वाटलं तर नको देऊ, पण जाळू नको.

वामनराव


हळदघाट,
१७ ऑक्टोबर १९८५

काकाजी, जय भीम.

प्रतिज्ञापत्र दिलं. पोच घेतली. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “वामनराव? आपले वामनराव?” मग पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, आता सील निघेल. पण ते म्हणाले, “फाईलला जोडून ठेवतो. दिल्लीला पाठवू.”

“किती दिवस?”

“ते दिल्लीला विचारा.”

तुमचं पाप कबूल करून झालं, आणि सील जागच्या जागी. खोट्या कागदावर माणूस चार दिवसांत उचलला होता. खऱ्या कागदाला मुदत नाही. मी तिथून बाहेर आले आणि वडाखालची तुमची जागा पाहिली. पेटी बंद होती. तुम्ही दहा दिवसांपासून बसत नाही, असं शेजारच्या माणसाने सांगितलं. पेटी फेकली होती ते वाचून मला रडू आलं होतं. पण त्याची भरपाई मिस्त्रीकडून करायची नव्हती, एवढंच म्हणते.

मिस्त्रींना मी सगळं वाचून दाखवलं. नकाशाचं वाक्यसुद्धा, तुम्ही घातलेलं. ते फळीच्या सांध्यात काथ्या ठोकत होते, ठोकतच राहिले. म्हणाले, “मले मे महिन्यातच समजलं. तुहं पत्र पाह्यलं तवाच. तो कागद साहेबानं माया तोंडासमोर धरला होता, बासष्टले. मले वाचता नाई येत, पन लाइन पाह्यली. असा रंधा कोनाचा, म्हनून याद राह्यला.”

“मग तेव्हाच काऊन नाई बोलले?”

“नाव त बनून गेलती बाई. अक्षर पाहून तिले का फोडू का?”

मग हातोडी खाली ठेवली. “गिरजा त्याले भाऊ म्हने. मेली तोवर म्हने. ते मात्र मले खपून नाई राह्यलं.” आणि तिथून उठून गेले. दोन दिवस काठावर आले नाहीत.

आता मी काय केलं ते सांगते, म्हणजे दुसरीकडून कळायला नको. मंडळाची सभा घेतली. आठही बाया आल्या, बुधरी नववी. ठराव लिहिला, अंगठे घेतले. मग मी कचेरीला पत्र लिहिलं की १६ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता हळदघाट महिला मंडळाची चिटणीस या नात्याने मी नावेचं सील तोडणार आहे, आणि ही कृती माझी आहे, अन्य कोणाची नाही. पत्र चार दिवस आधी रजिस्टर टपालाने पाठवलं, म्हणजे थांबवायचं असेल तर त्यांना वेळ मिळावा. कोणी आलं नाही. सोळा तारीख मी तुमची आठवण ठेवून घेतली. ते चांगल्या अर्थाने की वाईट, मलाच ठरवता आलं नाही.

ते पत्र लिहिताना मी ओळ आधी ओढली नाही. एकेक शब्द लिहिला आणि मग त्याच्या डोक्यावर त्याची त्याची ओळ दिली. अक्षर फार वाईट आलं. कुठे ओळ वर, कुठे खाली. पण तेच पाठवलं.

काल दहा वाजता कुलपावर घाव घातला. लाख पहिल्याच घावात फुटली, आतली चिंधी भिजून कुजली होती. साखळी काढायला कोलू पुढे आला तर बुधरीने त्याला मागे सारलं आणि स्वतः काढली. पहिल्या फेरीला अकरापैकी सात पोरी होत्या. चौघींची नावं आईबापांनी काढून टाकली आहेत, त्यांच्या घरी मी आजपासून जाते आहे. मिस्त्री आले होते. वल्हं दुसऱ्या कोणाला देईनात.

खटला होईल म्हणतात. मंडळाची नोंदणी जाईल, बालवाडीतली माझी नोकरीही जाईल कदाचित. मला भीती वाटते, झोप येत नाही. पण ‘नजरचुकीने’ असं कुठेच लिहिणार नाही.

तुम्ही माफीबद्दल काही विचारलेलं नाही, ते बरं केलं. ती माझ्याजवळ नाही. ज्यांच्याजवळ आहे ते आजपासून रोज सकाळी नऊच्या सुमारास नाव घेऊन ब्रह्मपुरीच्या बाजूच्या काठाला लागतात. तुम्ही येणार आहात असं मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगा. चांद्याहून पहाटेची बस धरली तर पोचाल.

बसायला मधली फळी आहे. वल्हवणाऱ्याकडे तोंड करून बसावं लागतं, आणि धार ओलांडायला सध्या वीस मिनिटं लागतात. पाठ फिरवून बसता येणार नाही, काकाजी. तोल जातो, आणि नावेत पोरी असतात.

विशाखा